शिव्यांची तालीम

कमांडोंच्या निवडीत शरीराआधी मन मोडतात, म्हणून पोराने शिंपीकाम करणाऱ्या बापालाच उस्ताद नेमलं. "मी जोर मारताना वाट्टेल ते बोला, बाबा. मी थांबता कामा नये."

जन्मभर गिऱ्हाइकांना अहो-जाहो केलेला बाप चाचरत म्हणाला, "अहो गाढवा..."

"गाढवाला अहो?" पोरगा हसता हसता जमिनीवर आडवा झाला.

पुढे बापाची जीभ सैल झाली. एका सकाळी तो ओरडला, "थोरला गेला आणि तू उरलास! उलटं व्हायला हवं होतं!"

बोलला आणि गारठलाच. बाकीच्या शिव्या त्याने जुळवल्या होत्या. ही थोरला गेल्यापासून मनात होती.

पोरगा थांबला नाही. मान वर न करता म्हणाला, "आता रोज एवढंच म्हणा, बाबा. याची सवय झाली, की मला कुणीच मोडू शकणार नाही."