गुळाच्या घुगऱ्या

मेंढीला जुळं झालं, पण एक कोकरू मेलेलंच निघालं. तेव्हापासून ती चाऱ्याला तोंड लावेना. नसीमबानोनं ज्वारीच्या घुगऱ्या शिजवल्या, त्यात गूळ कालवला आणि घमेलं तिच्यापुढं धरलं. मेंढीनं मान फिरवली. अफसाना दारातून अम्मीकडे पाहत होती.

"एक गेलं, बाई, पण एक हाय ना," अम्मी मेंढीला म्हणाली. "तू नाई खाल्लं तं त्याले दूध कुठून येईन?"

मेंढी ढिम्म हलली नाही. मग अम्मीनं तिला दाखवायला म्हणून मूठभर घुगऱ्या स्वतःच्या तोंडात घातल्या, सावकाश चावल्या, गिळल्या. मेंढीनंही घमेल्यात तोंड घातलं.

अफसाना जागची हलली नाही. कपाशीवर फवारणी करताना विष भिनून तिचा भाऊ परवेज गेला, त्याला चार दिवस झाले होते. तेव्हापासून अम्मीनं खाल्लेला हा पहिलाच घास होता.