सहासष्टातून पंचावन्न

“सहासष्ट,” दर महिन्याला घरी येणाऱ्या सिस्टर म्हणाल्या, आणि वजनकाट्यावर उभ्या असलेल्या आईच्या तोंडचं पाणी पळालं.

ढब्बू तिच्या हातांवर आडवा होता. सहा वर्षांचा, पण ना बसता येत होतं, ना गिळता. नाकातून पोटात गेलेली बारीक नळी हेच त्याचं तोंड. जन्मला तेव्हा चांगला गुटगुटीत होता म्हणून बापानं हौसेनं ढब्बू म्हटलं, आणि पुढे सगळं बदललं तरी नाव तेवढं राहिलं. अशा मुलाला एकट्याला काट्यावर ठेवणार कसं? म्हणून आईनं त्याला घेऊन उभं राहायचं आणि जो आकडा येईल त्यातून आईचे पंचावन्न वजा करायचे. हे पंचावन्न सिस्टरांनी सहा महिन्यांपूर्वी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले होते.

“सहासष्टातून पंचावन्न गेले, अकरा.” सिस्टरांनी चष्मा वर सरकवला. “ताई, नळी घातली तेव्हा बारा भरला होता. नंतर दर महिन्याला बाराच. आता तर एक किलो उतरलाय.”

“अहो, पण मी एक थेंब चुकवत नाही.”

खोटं नव्हतं ते. दिवसातून सहा वेळा ती त्याचं पातळ जेवण मिक्सरमधून काढायची, गाळायची, कोमट करायची. नळी पोटातच आहे ना, हे आधी तपासायचं. मग सिरिंज उंच धरून थेंब थेंब सोडायचं. जरा घाई केली की ढब्बू ओकायचा आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. शेवटी पाणी सोडून नळी धुवायची आणि अर्धा तास त्याला छातीशी टेकवून बसायचं. एवढं उरकेपर्यंत पुढची वेळ दारात उभी. स्वतःच्या पोटाचं म्हणाल, तर ओट्यापाशी उभ्यानं दोन घास, तेही आठवलं तर. हल्ली ढब्बूला उचलताना तिचे हात लटलट कापायचे. आपल्यातच काही राम राहिला नाही, असं तिला वाटायचं.

जिवाचं रान करूनही पोराच्या अंगी काही लागत नव्हतं. “मांजर तर पीत नाही ना गं?” असं नवरा पहिल्यांदा थट्टेनं म्हणाला होता. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा त्यात थट्टा नव्हती. मागच्या आठवड्यात त्यानं डॉक्टरांसमोर मान डोलावली. या खेपेलाही वजन वाढलं नाही, तर ढब्बूला संस्थेत ठेवायचं. महिन्यातून एका रविवारी भेटता येईल. फॉर्मवर त्याची सही झाली होती, तिची तेवढी राहिली होती.

ती संस्था तिनं पाहिली होती. वाईट नव्हती, उलट आपल्या घरापेक्षा स्वच्छ होती. नळीवरची पंधरा मुलं आणि दोन आया. तासभर ती तिथे होती, पण एकही मूल रडलं नाही. घरी येईपर्यंत तिला त्या शांततेची भीती वाटत राहिली.

“परत एकदा बघा ना,” ती म्हणाली. ती खाली उतरली. ढब्बूची दुलई काढली, पुन्हा लपेटली, पुन्हा काट्यावर चढली. सहासष्टच.

“काटाच बिघडलाय तुमचा.”

“ताई, सकाळपासून नऊ घरं केली याच काट्यावर.”

तिला रडूसुद्धा येईना. आपण याला उपाशी मारतोय, हे तिला त्या क्षणी पटलं. सहा महिने आपण आईपणाचं नुसतं सोंग केलं आणि आपल्याच हातांवर पोर झिजत गेलं. दोन आया का असेनात, त्या धड भरवतील तरी. हरलेल्या माणसाला येतो तसा एक कोरडा शहाणपणा तिला आला.

“द्या तो फॉर्म,” ती काट्यावरूनच म्हणाली. “अहो, याला जरा धरा.”

इतका वेळ दाराशी उभा असलेला नवरा पुढे झाला. घरात उचलाउचलीचं काम तिचंच. त्यानं शेवटचं कधी ढब्बूला उचललं होतं, ते त्यालाही सांगता आलं नसतं. त्यानं ढब्बूच्या अंगाखाली हात घातले आणि तो एकदम पुढे झुकला.

“अगं, हा केवढा जड झालाय!”

“उगाच मला बरं वाटावं म्हणून बोलू नका,” ती म्हणाली आणि तिनं पेनासाठी हात पुढे केला.

सिस्टर पेन देता देता थांबल्या. त्या तिच्या पावलांकडे बघत होत्या. मूल हातातून गेल्यावर काटा मागे फिरला होता, पण पंचावन्नावर थांबला नव्हता.

“हलू नका, ताई.” सिस्टर गुडघे टेकून खाली बसल्या. त्यांनी डोळे बारीक करून आकडा पाहिला, मग बोटांवर हिशेब केला. “सहासष्टातून पन्नास... सोळा! सोळा किलोचा आहे हो! चार किलो वाढलाय. चूक माझीच. तुमचं वजन मी परत कधी केलंच नाही.”

नवरा ढब्बूला घेऊन तसाच उभा होता. ती मात्र काट्यावर उभी राहून हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरून वाहू लागले. “सोळा?” तिनं पुन्हा पुन्हा विचारलं. “नक्की सोळा?”

“नक्की.” सिस्टरांचा आवाज खाली आला. “पण ताई, तुम्ही पाच किलो उतरलात.”

“असू देत हो,” ती म्हणाली आणि तिनं ढब्बूला घ्यायला हात पसरले. “अजून पन्नास आहेत.”