तिसरी खोली

भिंतीला भोक पडलं आणि वैरागड्यांच्या क्वार्टरमध्ये फायबरचं इंटरनेट आलं.

भोकाच्या परवानगीत पावसाळा गेला, दिवाळीही गेली. भिंत कारखान्याची, म्हणून भोकही कारखान्याचं. ते केवढं, कशासाठी आणि क्वार्टर सोडताना बुजवणार कोण, हे सगळं टाउनशिपच्या सिव्हिल खात्याला लेखी हवं होतं. अरविंद वैरागड्यांनी तिन्ही गोष्टी लिहून दिल्या. रिटायरमेंटला महिना राहिलाय, क्वार्टर परत करायचंय, आणि आता कुणी फायबर घेतं का, असं शेजारच्या शुक्लांनी विचारलं.

"मुलाला एक विचारायचंय," वैरागडे म्हणाले. "तेवढ्यापुरतं."

शकीलभाईंनी राउटर भिंतीला लावला. दिवे हिरवे झाले. "अब देखिए साहब, मक्खन चलेगा," असं म्हणून ते व्हरांड्यात शिडीवर चढले आणि उरलेल्या तारेला क्लिपा ठोकू लागले.

शशिकलाबाईंनी पदराने लॅपटॉपची स्क्रीन पुसली. रविवारची दुपार होती, हॅम्बुर्गला सकाळ. मुलाशी बोलायला म्हणून त्या बाहेर जायची साडी नेसल्या होत्या.

"अहो, आज नीट विचारा हं. मागच्या वेळी 'खोली' म्हणालात आणि लाइन गेली."

"दर वेळी तिथंच जाते."

"जुनी लाइन ती. आता नाही जायची."

प्रश्न साधाच होता. शहराच्या टोकाला, मिसरोदला फ्लॅट घ्यायचा होता आणि दोन खोल्यांचा की तीन, हे बिल्डरला आज सांगायचं होतं. दोघांना दोन पुरत होत्या. तिसरी, श्रीरंग परत येणार असेल तर. गेली दोन वर्षं हा प्रश्न अर्ध्यावर आला की श्रीरंग पडद्यावर चौकोनी तुकड्यांत फुटायचा आणि तोंड उघडं ठेवून अडकायचा. दुसऱ्या दिवशी मेसेज यायचा : बाबा, तुमचं नेट बदला.

बाबांनी बदललं.

रिंग वाजली. श्रीरंग आला आणि शशिकलाबाई "अगं बाई!" म्हणाल्या. इतका स्वच्छ तो त्यांना विमानतळानंतर दिसलाच नव्हता.

"अरे, कानाजवळ केस पिकले की रे तुझे!"

"आई, ते केव्हाचे पिकलेत. तुम्हाला दिसत नव्हते."

"चहा घेतोयस ना? आलं घातलंस?"

"घातलं." त्याने चहाचा मग उचलून दाखवला.

"वाफसुद्धा दिसते हो," शशिकलाबाई नवऱ्याला म्हणाल्या. जणू वाफ मुलानेच कमावली होती.

"काय नेट घेतलंय बाबा!" श्रीरंग म्हणाला. "एकदम समोर बसल्यासारखं."

वैरागड्यांनी घसा खाकरला. "श्रीरंग, मिसरोदचं आज सांगायचंय. तिसरी खोली घेऊ का? तू येणार असशील तर घेतो. नसशील तर तसं सांग, आम्हाला काही…"

श्रीरंग थांबला. तोंड जरासं उघडं, चहाचा मग ओठांपासून वीतभर दूर, नजर एका जागी.

"हॅलो? श्री?" शशिकलाबाई पुढे वाकल्या. "अरे, ऐकू येतंय का?"

पडद्यावर एकही चौकोन नव्हता. श्रीरंग फोटोसारखा स्थिर होता आणि त्याच्या हातातल्या मगातून वाफ वर चढत होती. आरामात, वळसे घेत, त्याच्या हनुवटीपाशी जाऊन विरत होती. वैरागड्यांना ती दिसली. मग त्याची पापणी लवली. तीही दिसली. रीतसर परवानगी काढून आणलेलं फायबर होतं, काहीच लपवत नव्हतं.

त्यांनी बायकोकडे पाहिलं नाही.

"गेलं," ते मोठ्याने म्हणाले. "नेट गेलं."

"आजपण?"

"शकीलभाई! ओ शकीलभाई! नेट चला गया!"

शकीलभाई हातोडी घेऊनच आत आले आणि राउटरपुढे वाकले. "बत्तियाँ तो सब हरी हैं साहब. फुल आ रहा है."

"नहीं आ रहा."

"मैं अपने मोबाइल पे देख के…"

"कह रहा हूँ ना, गया है!"

साहेबांचा आवाज फाटला, तसं शकीलभाईंनी वर पाहिलं. आधी त्यांच्याकडे, मग पडद्याकडे. पडद्याकडे ते जरा जास्त वेळ पाहत राहिले.

"हाँ साहब," ते हळूच म्हणाले. "नया-नया है. जाता है कभी-कभी." आणि पाय न वाजवता शिडीकडे परत गेले.

"बघ," वैरागडे बायकोला म्हणाले, "जुनं काय नि नवं काय, सगळं सारखंच. दोन खोल्याच सांगून टाकू आता. तशीही तिसरी कोण झाडणार रोज? उद्या मेसेज करेलच तो."

शशिकलाबाईंनी पदर घेतला आणि स्क्रीन पुन्हा पुसली. पुसायला तिच्यावर काही नव्हतं. श्रीरंगच्या कानाजवळ, पांढऱ्या केसांपाशी, त्यांचा हात थोडा रेंगाळला.

"बंद करा हो," त्या म्हणाल्या. "त्याचा चहा गार होतोय."