कच्छहून आलेला दगड

विजयसिंह ज्या दगडासाठी आला होता, तो सहरनं स्वयंपाकघराच्या दाराला लावून ठेवला होता, वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून.

"हाच," तो म्हणाला आणि उंबऱ्याशी उकिडवा बसला. वीतभर लांब, दंडाएवढा जाड, लाटण्यासारखा गोल दगड. त्यावर मार्करनं लिहिलेला आकडा अजून वाचता येत होता.

सहरला काही उमजेना. हा माणूस कच्छमधल्या तेलविहिरीवरचा भूवैज्ञानिक. तिचा नवरा शहेबाज तिथंच मेकॅनिक होता. सुट्टीवर नांदूरघाटला येताना जीप उलटून तो गेला, त्याला पाच महिने होत आले. साहेब तिची इद्दत, विधवेनं पाळायचे चार महिने दहा दिवस, संपेपर्यंत थांबला आणि आज आला, तो दगडासाठी.

"बॅगेत कपड्यांच्या मधी होता," ती म्हणाली. "आमाला वाटलं, कुणी चुकून टाकला."

"चुकून नाही, भाभी. त्यानंच आणला. आम्ही दोन किलोमीटर खालून असे दगड काढतो, ओळीनं मांडून ठेवतो. त्या ओळीत एवढीच जागा रिकामी आहे."

त्यानं दगडाचं सपाट तोंड ओल्या बोटानं पुसलं. सुपारीएवढ्या चांदण्या उमटल्या, एकीला एक चिकटलेल्या.

सहर दगडाजवळ खाली बसली. "फोनवर म्हणले होते, तुझ्यासाठी फूल आणतो. तीनदा झाडली मी ती बॅग."

"हे फूल नाही, भाभी." विजयसिंह अडखळला. "हे जीव होते. अंगठीत मूंगा, पोवळं घालतात ना, त्यांच्यातलेच. समुद्रात घरावर घर बांधत जायचे. उथळ, उबदार पाणी असेल तिथंच. आता ते इतक्या खोल गाडलेले सापडतात, म्हणजे ती जमीन खचलीय. कुठून कुठं सरकत आलीय. असल्या घरांच्या भोकांमधे तेल साठतं, म्हणून हा तुकडा लागतोय."

"जमीन कशी सरकंल?" सहरनं पायाखाली बघितलं. "आन् मंग त्यांनी मला किडे आणले?"

"त्याला ठाऊक होतं काय आहे ते. नळीतून दगड बाहेर आला, तेव्हा आधी त्यालाच दिसलं."

"तरी फूल म्हणले?"

"तरी."

तिनं दगड मांडीवर घेतला आणि सासऱ्यांकडं पाहिलं. "अब्बा, देऊ का नको देऊ?"

चाँदमियाँ अंगणात फरशी कापत होते. मशीन बंद करून ते जवळ आले. आयुष्यभर शहाबादी हाताळलेल्या बोटांनी त्यांनी दगड सगळीकडून चाचपला.

"साहेब, अर्धा चालंल?"

विजयसिंहानं दगडावरचा आकडा पुन्हा वाचला. "उभा कापला तर चालेल," तो शेवटी म्हणाला. "मी बघतो तिकडं काय सांगायचं ते."

चाँदमियाँनी दगड लाकडी पट्टीला टेकवून बसवला, पाण्याची धार सोडली. पातं करकरत आत शिरलं. अर्धा कापून त्यांनी दगड उलटा केला आणि पुन्हा लावला. दोन फाका अलग झाल्या. सहरनं एक उचलून पाहिली. आत पाकळी नव्हतीच. नुसत्या उभ्या रेघा. तिला पुन्हा काही कळेनासं झालं.

विजयसिंहानं दुसरी फाक नाकाशी नेली आणि एकदम उठून उभा राहिला. "चाचा, वास! तेल आहे यात!" त्याचा आवाज चढला होता. फोन लावायला त्यानं मोबाइल काढला आणि तसाच थांबला.

सहरनं आपली फाक तोंडावर दाबून धरली होती. ओढणी भिजत होती, तिला भान नव्हतं.

"यांचा वास हाय हा," ती म्हणाली. "सुट्टीवर आले की दोन-दोन दिवस घरभर असायचा. लई चिडायची मी."

चाँदमियाँ तोंड फिरवून पातं पुसू लागले.

"किती दिवस राहतो, साहेब?" सहरनं विचारलं.

"उघड्यावर... तासभर. फार तर."

नमुन्यासाठी विजयसिंहानं एकच चेनची पिशवी आणली होती. ती त्यानं तिच्यापुढं धरली. "यात ठेवा. हवा काढून घट्ट बंद करा. सारखी उघडू नका." आपली फाक त्यानं रुमालात गुंडाळली.

सहरनं फाक पिशवीत सरकवली. तळहातानं दाबून हवा काढली, चेन या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट लावली.

मग लगेच परत उघडली.