हत्तीचं पाणी

"अय्यो, ह्यांना तूप लावलीस की काय ग?"

पद्मावतीअक्कांनी लाकडी साचा नाकाशी नेला आणि मुग्धाकडे असं पाहिलं, की जणू तिने देवघरातल्या बाळकृष्णाला शांपू चोळला होता.

मुग्धा ओशाळली. "वडीच्या ताटाला लावतो ना अक्का, तसंच लावलं. चिकटायला नको म्हणून."

"पुण्याच्या वड्या राहू देत पुण्यात! अच्चूला पाणी पाजायचं असतं, तूप नव्हे. सकाळीच भिजत घाल म्हटले होते की नाही?"

अक्का खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण. पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरातल्या, पण घरात मराठीच. दर संक्रांतीला त्यांच्याकडे साखरेच्या पाकाचे पोपट, मोर, हत्ती ओततात. त्याचे हे साचे, म्हणजे अच्चू, त्यांच्या सासूच्या वेळचे. ते त्यांनी मोठ्या विश्वासाने मुग्धाच्या हाती दिले होते आणि मुग्धाने त्यांना तेवढ्याच विश्वासाने तुपात न्हाऊ घातलं होतं.

"म्हणजे आता होणारच नाही?" मुग्धाच्या लेकीने, प्रांजलीने विचारलं. ती तिसरीत होती आणि तिचा चेहरा एवढासा झाला होता.

त्याला कारण होतं. आदल्या दिवशी वर्गात मिसनी विचारलं, पातळाचं घट्ट काय काय होतं? सगळा वर्ग ओरडला, बर्फ! प्रांजलीच्या डोक्यात अक्कांनी सांगितलेले पाकाचे हत्ती होते. ती म्हणाली, हत्ती. वर्ग हसून लोटपोट झाला. वरच्या मजल्यावरची सौम्या तर सगळ्यांदेखत म्हणाली, "सुळ्ळु!" सुळ्ळु म्हणजे साफ खोटं, एवढं कन्नड प्रांजलीला पुण्याहून आल्यापासून आलं होतं. तिला वर्ग हसल्याचं इतकं वाईट वाटलं नव्हतं. पण सौम्या आपली मैत्रीण व्हावी म्हणून ती शाळा सुरू झाल्यापासून जीव टाकत होती.

"होईल ग, बघू तर," म्हणत अक्कांनी साचे कढत पाण्याने धुतले, दोन दोन फळ्या जुळवून रबर लावले आणि पातेलं चढवलं. साखर विरघळली, पाक उकळला, त्यात चमचाभर दूध पडलं तशी मळी वर आली. गाळलेला पाक थोडा थोडा घेऊन त्या ढवळत राहिल्या. काचेसारखा पाक दुधाळ झाला की झटकन साच्यात. तिथे जरा रेंगाळलं, की तो पातेल्यातच बसतो.

पण अंगात मुरलेलं तूप एका धुण्याने थोडंच निघतं? पहिला पोपट बाहेर आला तो चोचीवाचून. मोराचा पिसारा म्हणजे नुसता ढेकूळ. उरलेल्यांचीही तीच गत. तूप नक्षीत जाऊन बसलं होतं, पाकाला जागाच उरली नव्हती. मुग्धाला रडावं की हसावं कळेना.

"हत्तीचा अच्चू कुठे गेला?" अक्कांनी विचारलं.

प्रांजली न्हाणीघरात पळाली आणि बादलीतून तो घेऊन आली. सकाळी साचे दिसल्या दिसल्या तिने हत्तीला आंघोळीला नेलं होतं आणि ती त्याला तिथेच विसरली होती. तो पाणी पिऊन टम्म झाला होता. आईच्या तुपातून तेवढा एकटाच सुटला होता.

अक्कांनी शेवटचा पाक त्यात ओतला. थोड्या वेळाने फळ्या अलगद सोडवल्या. हत्ती उभाच्या उभा बाहेर आला. सोंड, सुळे, पाठीवरची झूल, झुलीचे गोंडेसुद्धा. अक्कांना इतका आनंद झाला, की त्यांनी मुग्धाचा तूपप्रयोग तिथल्या तिथे माफ करून टाकला.

प्रांजली तोवर जिन्यात पोचली होती. आली ती सौम्याला हाताला धरून ओढतच.

सौम्याने कमरेवर हात ठेवून ओटा न्याहाळला. आधी बिनचेहऱ्याचे पोपट पाहिले, मग हत्ती.

"ये सब तुमने बनाया," ती पोपटांकडे बोट दाखवून म्हणाली. "ये हाथी दुकान का है."

"नाही, आम्हीच केलाय! आत्ता! नहीं सौम्या, सच्ची!"

"सुळ्ळु."

"अग, मी केले की ग पुट्टी, ह्या हातांनी," अक्का म्हणाल्या. पण सौम्या मोठ्यांच्या साक्षीवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नव्हती. ती निघायला वळली.

प्रांजलीने हत्ती उचलला. अजून कोमट होता. क्षणभर तिने तो छातीशी धरला आणि पातेल्यात ठेवून दिला. वर वाटीभर पाणी ओतलं.

"अय्यो, तो नको! ते पोपट घाल ग, पोपट!" अक्का ओरडल्या.

"पोपट नाही चालणार अज्जी. तिला हाच खोटा वाटतोय."

अक्कांनी कपाळाला हात लावला आणि दुसऱ्या हाताने गॅस पेटवला. सौम्या दारातून परत आली. मुग्धाने दोघींना स्टूल सरकवलं, ओट्यापासून जरा लांब. त्या एकाच स्टुलावर कशाबशा मावल्या.

आधी पाय गेले. हत्ती पोटावर बसला. मग गोंडे गेले, झूल गेली, सोंड एका बाजूला कलली आणि दिसेनाशी झाली. सौम्या मान उंच करून बघत होती. शेवटी पातेल्यात नुसती पाठ उरली, मग तीही नाही.

"नीर आय्तु," सौम्या हळूच म्हणाली. "पानी हो गया. अब?"

"अब तू हिला," प्रांजली म्हणाली आणि पळी तिच्या हातात दिली.