दिला, साहेब

शेवटच्या हिरवळीवर रमीजचा चेंडू होलच्या अलीकडे वीतभर थांबला आणि हैदरचा जीव भांड्यात पडला. वीतभर! एवढं तर कुणीही डोळे मिटून ढकलील. पोरानं बाजी मारली होती.

गोल्फच्या मोठ्या टूरवर खेळायचं तर आधी या खालच्या टूरवर घासावं लागतं. मिळेल त्या गाडीनं जायचं, मिळेल तिथं झोपायचं, नव्या नव्या गावातल्या मैदानांवर खेळायचं. वर्ष संपलं की पहिल्या पाचांना वरच्या टूरवर खेळायचं कार्ड, बाकीच्यांनी पुन्हा पहिल्यापासून घासायचं. यंदाची शेवटची स्पर्धा आली ती थेट नगरला, कारखानदारांच्या क्लबात. हैदरचे केस साहेबलोकांच्या बॅगा वाहता वाहता जिथं पिकले, तिथंच. आणि रमीज पाचवा होता. एक फटका जरी जास्त लागला तरी सहावा.

आज मात्र हैदरच्या खांद्यावर पोराची बॅग होती. ‘अब्बा, हे मैदान तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे?’ असं पोरगं म्हणालं होतं, आणि तेवढ्यावर हैदर लेकाचा आठवडाभर हवेत होता.

टाळ्या पडल्या. दोरीपलीकडे हैदरची बायको सरवरी ओढणी तोंडाला लावून रडायलाच लागली. हैदरला काही सुचेना. तो पुढं झाला, वाकला, चेंडू उचलला, पँटीला पुसला आणि दोन्ही हातांनी रमीजपुढं धरला.

“दिला, साहेब.”

पोटच्या पोराला साहेब म्हणाला! ते तरी त्याला कुठं कळलं?

रमीजनं चेंडू घेतला नाही. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं.

ही सवय हैदरला कुणी लावली, ते क्लबात सगळ्यांना ठाऊक होतं. होलजवळ आलेला चेंडू साहेबलोक स्वतः आत घालत नाहीत. कमरेत कोण वाकणार? बॅगवाल्यानं ‘दिला, साहेब’ म्हणायचं, चेंडू उचलून हातात द्यायचा, आणि तो आत गेला असं सगळ्यांनी धरून चालायचं. आधी वीतभर अंतर असलं तर. मग हातभर. शामकांत साहेबांचा तर काठीभर लांब असला तरी. चेंडू थांबला की ते पुढच्या होलकडं चालायला लागायचे, मागं वळूनही बघायचे नाहीत. एकदा हैदर उचलायला विसरला, तर महिनाभर त्याला कुणाची बॅग मिळाली नव्हती.

ते शामकांत साहेब आज पंच होते. टूरवाल्यांनी दिलेली निळी टोपी घालून हिरवळीच्या कडेलाच उभे होते. सावकाश चालत पुढं आले.

“खूण न ठेवता उचलला,” ते म्हणाले. “चेंडूमागं आधी नाणं ठेवायचं असतं. एक फटका दंड, रमीज. परत जागेवर ठेव आणि मार.”

“नाणं हाय की, साहेब!” हैदरनं घाईघाईनं खिसा उलटा केला. रुपया खरंच होता, याच कामासाठी जपून ठेवलेला. “इसरलो वो. माजी चूक हाय, पोराची न्हाई. मला काय करायचं ते करा.”

“बॅगवाल्याची चूक खेळाडूच्या नावावर जाते, हैदर. नियम आहे.”

रमीजबरोबर खेळणारा वरद पुण्याचा होता. त्याला राहवलं नाही. “सर, वीतभर तर होता. तो कसा चुकला असता?”

“नियमात वीतभर, हातभर असं काही नसतं,” शामकांत साहेब म्हणाले. आणि हे म्हणताना त्यांची पापणीसुद्धा लवली नाही, हे विशेष.

रमीजनं बापाच्या हातातला चेंडू उचलला, जागेवर ठेवला आणि मारला. गेला आत. या वेळी कुणी टाळी वाजवली नाही. पोरगं बापावर ओरडलं असतं, चार शिव्या हासडल्या असत्या, तर हैदरला बरं वाटलं असतं. पण रमीजनं खाली ठेवलेली बॅग स्वतःच उचलली. हैदरनं पट्ट्याला हात घातला, तर तो हात त्यानं हळूच बाजूला केला आणि एकटाच गुण लिहायच्या तंबूकडं निघाला. दोरीपलीकडून सरवरी विचारत होती, काय झालं, काय झालं. तिला कोण सांगणार?

शामकांत साहेबांनी हैदरच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना वाईट वाटलं होतं, तेही खोटं नव्हतं.

“मनाला लावून घेऊ नकोस. पण खेळ म्हटला की शिस्त आली. पोरगा हुशार आहे तुझा, पुढच्या वर्षी होईल.” ते निघाले आणि पुन्हा वळले. “आणि हो, उद्या सकाळी माझा खेळ आहे. वेळेवर ये.”

“येतो की, साहेब.” हैदर अजून होलपाशीच उभा होता, रुपया मुठीत धरून. “फकस्त येवढं आजच सांगून ठेवा. उद्या तुमचा चेंडू उचलायचा, का ऱ्हाऊ द्यायचा?”