कोरड्या डोळ्यांची बाई

“इकडं बघा, बाई. माझ्या डोळ्यांत बघा. मान खाली घालायची न्हाई.”

दत्तोबा हवालदारांनी बसायचं स्टूल पुढे ओढलं आणि कौशल्याबाईंच्या डोळ्यांत डोळे घातले. ओसरीवर दुखवट्याला जमलेली माणसं पुढे सरकली. बाईंनीही हवालदारांकडे सरळ पाहिलं. पापणी लवली नाही, पाणी तर दूरच.

त्यांचा नवरा ज्ञानदेव चाकणच्या बाजारातला कांद्याचा अडत्या. वखारीमागच्या विहिरीत सापडला, डोक्याला मागून मार लागलेला. पडताना काठ लागला की आधी कुणी दगड घातला, ते त्या विहिरीलाच ठाऊक. आज त्याचा दहावाही उरकला, तरी बायको रडली नव्हती. सासू गोजाबाईंनी ही गोष्ट गल्लीत सांगितली, गल्लीने बाजारात, आणि बाजाराने चौकीत.

“माणूस तोंडानं खोटं बोलतो, डोळ्यानं न्हाई,” हवालदार ओसरीकडे वळून म्हणाले. “ज्याला काळीज नसतं, त्याच्या डोळ्याला पाझर नसतो. खेडला एकाला धरला होता मी, नुसता डोळ्यांवरून. सख्ख्या भावाला विष घातलेलं बेट्यानं. डोळे कसे? तर उन्हाळ्यातली विहीर!”

“तुमची आई गेली तेव्हा तुम्ही किती रडलात, हवालदार?” कौशल्याबाईंनी विचारलं.

कुणीतरी खुदकन हसलं. आईच्या सरणापाशी आपण टिपूस गाळलं नाही, हे हवालदार स्वतःच मिशीला पीळ देऊन चारचौघांत सांगत असत.

“पोलिसाचं निराळं असतं,” ते गुरकावले.

खाटेवर अण्णासाहेब बसले होते. ज्ञानदेवचे भागीदार. माणूस लोण्याचा. ज्ञानदेवचं नुसतं नाव निघालं तरी खिशातला चौकड्यांचा रुमाल काढायचे, मुठीत चुरगळायचे, डोळ्यांवर दाबायचे, आणि मग अशा धारा लागायच्या की दुखवट्याला आलेल्या परक्या बायकासुद्धा पदर डोळ्यांना लावायच्या. रुमालाला कांद्याचा वास यायचा खरा. पण चाकणात नवरदेवाच्या फेट्यालाही कांद्याचा वास येतो. त्याचं कोण काय मनावर घेणार?

“बघा, भागीदार धाय मोकलून रडतोय,” गोजाबाई म्हणाल्या, “आन् ही माझी सून! कपाळ पांढरं झालं तरी ढिम्म.”

कौशल्याबाई खाटेकडे वळल्या.

“अण्णासाहेब, त्या दिवशी तुम्ही देहूरोडला होता म्हणता.”

“व्हय वहिनी. लष्कराचा माल पोचवायला गेलो होतो.”

“ट्रक तर खंडू ड्रायव्हरनं नेला. तुम्ही होता का त्यात बसलेले?”

अण्णासाहेबांचा हात खिशात गेला.

“यांच्या चपला वखारीच्या आत सापडल्या,” कौशल्याबाई पुढे म्हणाल्या. “बाहेरून कुलूप होतं. किल्ली तुमच्याकडं असते ना?”

“ज्ञानबा… माझा ज्ञानबा रं…” रुमाल मुठीत चुरगळला, डोळ्यांवर गेला, आणि पाणी गालांवरून धोतरावर ठिबकू लागलं. गोजाबाई तांब्या घेऊन धावल्या. कुणी पाठीवरून हात फिरवला. एवढ्या गडबडीत प्रश्न तिथेच राहिला.

“काय बाई तरी!” हवालदार उखडले. “ज्याचं काळीज जळतंय त्यालाच उलटं विचारता? उठा. दोन लुगडी बांधून घ्या. खेडहून साहेब यायचेत चौकीत, त्यांनाच दाखवा हे डोळे.”

कौशल्याबाईंनी पाळण्याकडे पाहिलं. आत सहा महिन्यांची पोर मूठ चोखत झोपली होती.

“तिला बरोबर घेते.”

“हात लावू नको!” गोजाबाई पाळण्याच्या आड उभ्या राहिल्या. “शेळीच्या दुधावर वाढवीन, पण असल्या आईचं दूध नको तिला.”

एवढं ऐकूनही बाईंच्या डोळ्यांत पाणी नाही. ओठ तेवढे पांढरे पडले. हवालदारांनी ओसरीकडे बघून मान हलवली. बघा, म्हणालो नव्हतो?

“दत्तोबा,” अण्णासाहेब रुमाल चुरगळत म्हणाले, “बेड्या नका घालू. काही झालं तरी वहिनी आहेत माझ्या.”

“देवमाणूस,” कुणीतरी पुटपुटलं.

शेजारणीने चहा आणला. आलेल्या पोलिसाला कोरडं पाठवायचं नाही, ही चाकणची रीत. कपबशी काठोकाठ भरलेली, म्हणून दोन्ही हातांनी धरायला अण्णासाहेबांनी रुमाल खाटेवर ठेवला. तेवढ्यात पिंपरीला जाणारी कंपनीची बस दारावरून धडधडत गेली आणि वैशाखातला सगळा फुफाटा ओसरीवर आला. हवालदारांनी टोपी काढली. घाम आणि धूळ यांचा चिखल कपाळावरून ओघळत होता. त्यांनी हाताशी होता तो रुमाल उचलला.

“अहो, अहो, तो नको!” अण्णासाहेब कपबशीसकट उठले. “मळलाय तो!”

“मळू द्या हो. तुमच्या आसवांचा रुमाल म्हणजे आम्हाला गंगाजळ.”

हवालदारांनी कपाळ पुसलं, मान पुसली, आणि दोन्ही डोळे चांगले खसाखसा चोळले.

मग ते थबकले. एकदा डोळे मिचकावले, पुन्हा मिचकावले. आईच्या सरणापाशी न रडलेल्या दत्तोबा हवालदारांच्या डोळ्यांतून अशा धारा लागल्या की मिशा भिजल्या, खाकी सदरा भिजला.

“अगं बया! हवालदार रडाया लागलं!” गोजाबाई म्हणाल्या.

हवालदारांनी रुमाल नाकाशी नेला. मग त्या पाण्यातूनच मान वर करून समोर पाहिलं. अण्णासाहेबांच्या हातातली बशी खडखडत होती, चहा धोतरावर सांडत होता, आणि त्यांचे दोन्ही डोळे ठणठणीत कोरडे होते.